शिशाचा जुना इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिशावर काही लिहिलं की तेच तेच प्रश्न येतात, कुणी रोमबद्दल विचारतं, कुणी शेंदराबद्दल, कुणी घरात सापडलेल्या नाण्याचा फोटो पाठवतं. म्हणून सगळी उत्तरं एका जागी टाकतोय. उत्तर सुटं वाचलं तरी समजेल, जिथे दोन गोष्टी एकमेकांत अडकल्यात तिथे नंबर दिलाय, तो बघा.

१. माणसाने शिसं पहिल्यांदा कधी वापरलं?

साधारण आठ हजार वर्षांपूर्वी धरा. उत्तर इराकमध्ये यारिम तेपे नावाचं ठिकाण आहे, तिथे शिशाचं एक कडं सापडलंय, इ.स.पू. सहाव्या सहस्रकातलं. त्यानंतरचा एक भारी नमुना म्हणजे इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या अशालिम गुहेतली वस्तू, लाकडी दांडा आणि त्याच्या टोकाला शिशाचा गोळा, दिसायला सूत कातायच्या चातीसारखी. २०१५ मध्ये तिच्यावरचा अभ्यास आला. ती इ.स.पू. पाचव्या सहस्रकाच्या शेवटाची आहे आणि त्यातलं शिसं बहुधा तुर्कस्तानातल्या टॉरस डोंगरांकडचं. म्हणजे चाकाची गाडी यायच्या आधी शिसं शेकडो किलोमीटर फिरत होतं.

२. पण तुर्कस्तानातल्या चातालह्युकचे शिशाचे मणी याहून जुने आहेत ना? सगळीकडे तेच लिहिलेलं असतं.

लिहिलेलं असतं, पण जुनं झालं ते. १९६० च्या दशकात तिथे खोदकाम झालं तेव्हा ते मणी शिशाचे म्हणून जाहीर झाले आणि मग पुस्तकापुस्तकातून तेच कॉपी होत राहिलं. नंतर मणी पुन्हा तपासले तर ते गॅलेना निघाले. गॅलेना म्हणजे शिशाचं खनिज, काळपट चकचकीत दगड, वजनाला जड, फोडला की चौकोनी तुकडे पडतात. दगड घासून, भोक पाडून मणी बनवणं वेगळं आणि दगड भाजून धातू बाहेर काढणं वेगळं. त्यामुळे 'शिशाचं खनिज वापरलं' असं म्हणायचं असेल तर चातालह्युक बरोबर, 'शिसं गाळलं' म्हणायचं असेल तर यारिम तेपेपासून सुरू करा.

३. दगडातून शिसं काढायचे कसे? तेव्हा मोठ्या भट्ट्या होत्या का?

भट्टीची फार गरजच नाही, हाच तर शिशाचा पॉइंट आहे. शिसं ३२७ अंश सेल्सियसला वितळतं, तांब्याला १०८५ लागतात. गॅलेनात शिसं आणि गंधक असतं, वजनाने ८६ टक्क्यांच्या वर शिसंच. हा दगड उघड्या जाळावर भाजला की गंधक धुरातून निघून जातं (वास भयंकर येतो) आणि शिशाचं ऑक्साइड उरतं, त्याला निखाऱ्यांचा कोळसा मिळाला की धातू सुटून खाली साचतो. लाकडाचा चांगला जाळ आणि थोडी हवा एवढ्यावर काम होतं. म्हणून बरेच जण म्हणतात की पहिलं शिसं चुकून चुलीत मिळालं असेल. असेलही, पण कडं करायचं म्हणजे कुणीतरी तेच मुद्दाम पुन्हा करून बघितलंच असणार.

४. एवढं सोपं होतं तर मग ताम्रयुग, कांस्ययुग, लोहयुग असतं तसं 'शिसेयुग' का नाही?

कारण करणार काय त्याचं? कुऱ्हाड केली तर पहिल्याच घावाला वाकते, धार टिकत नाही, नखाने ओरखडा निघतो आणि वर वजन भलतंच, पाण्याच्या ११ पट. दागिना म्हणावा तर चकाकी काही दिवसांत जाते आणि राखाडी होतो. त्यामुळे सुरुवातीची दोनेक हजार वर्षं शिसं म्हणजे मणी, छोट्या मूर्ती, वजनं, फुटलेल्या मडक्याला ठिगळ, असल्याच कामांना. नंतर कांशात थोडं शिसं घातलं की ओतकाम छान होतं, रस साच्याच्या कोपऱ्यात नीट शिरतो हे लोकांना कळलं, चीनमधल्या शांग काळातल्या कांस्य भांड्यांत भरपूर शिसं आहे. पण शिशाचं प्रॉडक्शन खऱ्या अर्थाने वाढलं ते शिशासाठी नाहीच, चांदीसाठी. पुढचा प्रश्न बघा, सगळ्या पानात तोच महत्त्वाचा आहे.

५. चांदीचा आणि शिशाचा काय संबंध?

संबंध असा की जुन्या जगातली बरीचशी चांदी शिशाच्या पोटातून आली. गॅलेनात थोडी चांदी लपलेली असते, एक टक्क्याच्या आतच, बऱ्याचदा टनाला काहीशे ग्रॅम. ती काढायची युक्ती अशी, आधी खनिज गाळून शिसं करायचं, चांदी त्या शिशातच विरघळून येते. मग ते शिसं हाडांच्या राखेच्या किंवा चुनखडी मातीच्या उथळ खळग्यात ठेवून हजार अंशाच्या आसपास तापवायचं आणि वरून वारा मारत राहायचं. शिसं हवेशी जुळून त्याचं ऑक्साइड होतं, ते खळग्याच्या राखेत मुरतं किंवा वरून ओढून काढतात, चांदी मात्र हवेला दाद देत नाही, ती शेवटी चमचमत्या थेंबासारखी मधे उरते. हे ऑक्साइड म्हणजे आपल्याकडचं मुरदाडशिंग (त्याबद्दल १३ मध्ये).

सीरियात हबूबा कबीरा इथे अशा मुरदाडशिंगाचे तुकडे मिळालेत, इ.स.पू. चौथ्या सहस्रकाच्या उत्तरार्धातले, म्हणजे पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वी ही कला पक्की बसली होती. एक किलो चांदी मिळवायची तर शेकडो, कधी हजारो किलो शिसं हाताळायला लागायचं, आणि चांदी काढून झाल्यावर ते शिसं पडून राहायचं, स्वस्तात. पुढे रोमने पाइप, छपरं, शवपेट्या, वजनं सगळं शिशाचं केलं त्यामागचं अर्थकारण हेच, माल आधीच ढिगाने पडलेला होता. माझं मत विचाराल तर शिशाचा इतिहास शिशाच्या मागे जाऊन कळत नाही, चांदीच्या मागे जायला लागतं. (एक मोठा अपवाद आपल्याच दख्खनमध्ये आहे, ९ बघा.)

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही सोनं-चांदी शिशाने शुद्ध करायची कृती आहे, सोन्यातल्या हिणाच्या चौपट शिसं आणि चांदीला चौथा हिस्सा शिसं असं प्रमाणासकट दिलंय.

६. अथेन्सच्या आरमाराला शिशाच्या खाणीने पैसा दिला असं वाचलं, खरं का?

खरं आहे. अथेन्सच्या दक्षिणेला लॉरियन म्हणून भाग आहे, तिथलं खनिज चांदीवालं शिसं. इ.स.पू. ४८३ च्या सुमारास तिथे एक मोठा साठा लागला. आलेली चांदी नागरिकांत वाटून टाकावी, डोई दहा द्राख्मा (तिथलं चांदीचं नाणं), असा प्रस्ताव होता, पण थेमिस्टोक्लीस या तिथल्या पुढाऱ्याने लोकांना पटवलं की वाटू नका, जहाजं बांधा. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस दोनशे जहाजं म्हणतो. तीन वर्षांत, इ.स.पू. ४८० ला, सालामिसच्या समुद्रात याच आरमाराच्या जोरावर ग्रीकांनी इराणी सम्राटाला हरवलं.

याची दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे, त्या खाणीत उतरणारे जवळजवळ सगळे गुलाम होते. निकिअस नावाच्या अथेन्सच्या बड्या असामीने एक हजार गुलाम खाणवाल्यांना भाड्याने दिले होते, डोई रोज एक ओबोल, म्हणजे द्राख्माचा सहावा हिस्सा. अरुंद बोगदे, दिव्याचा धूर, वर भट्ट्यांचा शिसाळ धूर. इ.स.पू. ४१३ मध्ये स्पार्टाने जवळच ठाणं टाकलं तेव्हा वीस हजारांहून जास्त गुलाम पळाले असं इतिहासकार थ्युसिडिडीस लिहितो, आणि त्यात खाणीतलेही बरेच असणार. लोकशाहीच्या गप्पा मारताना हा आकडा लक्षात ठेवावा.

७. इजिप्तचे लोक डोळ्यात शिसं घालायचे? मग आंधळे कसे नाही झाले?

त्यांचं काळं अंजन बहुतेक गॅलेना कुटून केलेलं असायचं. लाल समुद्राच्या किनाऱ्यावर गेबेल एल-झेत इथे त्यांच्या खास गॅलेनाच्या खाणी होत्या. गॅलेना पाण्यात जवळजवळ विरघळत नाही त्यामुळे लगेच काही होत नाही. पण गंमत पुढे आहे, पॅरिसच्या लूव्र म्युझियममधल्या जुन्या अंजनाच्या डब्या तपासल्या तेव्हा १९९९ मध्ये कळलं की त्यात शिशाची अशी दोन क्लोराइड संयुगं आहेत जी निसर्गात फारच क्वचित मिळतात, म्हणजे ती मुद्दाम बनवलेली, मीठ आणि मुरदाडशिंग पाण्यात घोळवून, आठवडेच्या आठवडे. चार हजार वर्षांपूर्वीची केमिस्ट्री! नंतरच्या एका अभ्यासात असंही आलं की अगदी कमी प्रमाणात ही संयुगं डोळ्याच्या पेशींना जंतूंशी लढायला चेतवतात.

आता हे वाचून कुणी बाळाला जुना सुरमा लावू नका. बाजारातल्या काही सुरम्यांत आजही गॅलेना असतो, लहान मुलं डोळे चोळून बोटं तोंडात घालतात, आणि मुलांच्या रक्तात शिशाची कुठलीच पातळी सुरक्षित मानत नाहीत. घरचं दिव्याचं काजळ वेगळं, ती काजळी म्हणजे कार्बन.

८. आपल्याकडे शिसं किती जुनं? वेदात उल्लेख आहे का?

वस्तू म्हणाल तर मोहेंजोदडोलाही शिसं मिळालंय. ग्रंथात म्हणाल तर ज्यांच्या घरी रुद्र होतो त्यांनी ते अनेकदा ऐकलंय फक्त लक्ष गेलं नसेल, चमकाच्या पाचव्या अनुवाकात 'हिरण्यं च मे' पासून धातूंची यादी येते त्यात 'सीसं च मे' आहे. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडातलं १६ वं सूक्त तर शिशाचंच आहे, आमच्या गाईला, घोड्याला, माणसाला मारशील तर तुला शिशाने विंधू असा राक्षसांना दम दिलाय. आणि छांदोग्य उपनिषदात कुठला धातू कशाने सांधतात याची साखळी आहे, चांदीने कथील, कथिलाने शिसं, शिशाने लोखंड. उपनिषदात डाग द्यायची माहिती सापडेल असं कुणाला वाटत नाही, पण आहे.

खाणी राजस्थानात. उदयपूरजवळची जावर, राजसमंदमधली दरिबा, भिलवाड्यातली आगुचा. तिथल्या जुन्या बोगद्यांत आधाराला लावलेली लाकडं मिळाली आणि त्यांच्या कार्बन तारखा इसवी सनाच्या आधीच्या पहिल्या सहस्रकात जातात. गंमत म्हणजे या तिन्ही नावांच्या खाणी आजही चालू आहेत.

९. सातवाहनांनी शिशाची नाणी का पाडली? पैसे नव्हते का त्यांच्याकडे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्यात थोडा कमीपणाचा सूर असतो, तो काढून टाका. सातवाहनांची चांदीची नाणी होतीच, राजाचा चेहरा असलेली, गौतमीपुत्र सातकर्णी, पुळुमावी, यज्ञ सातकर्णी यांची. गौतमीपुत्राने तर हरलेल्या नहपान या क्षत्रप राजाच्या चांदीच्या नाण्यांवर स्वतःचा ठसा मारून तीच चालवली, १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला तेरा हजारांहून जास्त नाण्यांचा जो साठा मिळाला त्यात बहुतेक अशीच ठसा मारलेली.

पण रोजच्या बाजाराला चांदी कशी चालेल? भाजी, तेल, मीठ घ्यायला चिल्लर लागते. ती चिल्लर म्हणजे शिसं, तांबं आणि पोटिन (तांबं, कथील, शिसं यांची मिसळ). आणि इथेच दख्खन बाकी जगाहून वेगळं पडतं. इतरत्रही शिशाची नाणी आणि टोकनं मिळतात, नाही असं नाही, पण एखाद्या मोठ्या राजवटीने शिसं हा चलनाचा मुख्य धातू म्हणून पिढ्यानपिढ्या चालवला असं उदाहरण शोधायला लागतं. रोममध्ये शिसं चांदीमागून आलेला उरलेला माल होता, आपल्याकडे शिशावर राजाचं नाव आणि हत्ती आणि उज्जैन चिन्ह (अधिक चिन्हाच्या चार टोकांना चार गोल). नेवासे, तेर, पैठण या गावांशी ज्यांचा संबंध आहे त्यांना हे नवं नाही.

कोल्हापूरकरांसाठी खास, पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये उत्खनन झालं, आणि कोल्हापूर भागातून विळिवायकुर, सिवलकुर अशा 'कुर' राजांची शिशाची नाणी येतात, एका बाजूला कमानींचा डोंगर आणि दुसरीकडे धनुष्यबाण. पूर्वेकडे आंध्रच्या किनाऱ्यावर जहाजाचं चित्र असलेली शिशाची नाणी मिळतात, दोन डोलकाठ्या स्पष्ट दिसतात.

शिसं निवडायची कारणं सरळ आहेत, कमी आचेवर वितळतं, मऊ असल्याने ठसा एका घावात उमटतो, वजनदार लागतं. तोटाही तोच, मऊ म्हणून झिजतं, त्यामुळे पूर्ण वाचता येईल असा लेख क्वचितच हाती लागतो.

१०. मग एवढं शिसं यायचं कुठून? परदेशातून?

दोन्हीकडून. 'पेरिप्लस' नावाचं पहिल्या शतकातलं ग्रीक भाषेतलं व्यापारी मार्गदर्शक आहे, त्यात भडोचला उतरणाऱ्या मालात दारू, तांबं, कथील, शिसं असं लिहिलंय, आणि केरळच्या मुझिरिसलाही शिसं जात होतं. भडोचहून पैठण आणि तेरला रस्ता जायचा हेही त्यातच आहे. त्याच शतकातला रोमन लेखक प्लिनी म्हणतो की भारतात ना तांबं आहे ना शिसं, ते लोक मोती आणि रत्नं देऊन ते घेतात. हे काही खरं नाही, राजस्थानच्या खाणी तेव्हा होत्याच (८ बघा), पण रोमहून माल येत होता इतपत त्याचं बरोबर. आणि शिसं जहाजाला सोयीचंही होतं, तळात ठेवलं की जहाज डोलत नाही आणि पोचल्यावर विकताही येतं.

११. रोमन साम्राज्य शिशाच्या पाइपांमुळे बुडालं ना?

नाही. निदान इतकं सोपं नाही. पाइप होते हे खरं, शिशाचा पत्रा दांड्यावर वाकवून सांधा डाग देऊन बंद करायचे, वर सम्राटाचं किंवा घरमालकाचं नाव ठोकायचे. पण रोमचं पाणी चुनकट, पाइपाच्या आत चुन्याचा थर बसायचा, आणि पाणी सतत वाहतं असायचं, आपल्यासारखं रात्रभर नळात साचून नाही. २०१४ मध्ये रोमच्या बंदरातला गाळ तपासून काढलं की शहराच्या नळाच्या पाण्यात झऱ्याच्या पाण्यापेक्षा सुमारे शंभर पट शिसं होतं, पण अभ्यासकांचं मत असं की साम्राज्य पाडण्याइतकं ते घातक नव्हतं.

पाइपांपेक्षा जास्त काळजीची गोष्ट स्वयंपाकघरात होती. रोमन लोक द्राक्षाचा रस आटवून गोड पाक करायचे, वाइनमध्ये, सॉसमध्ये, मुरांब्यात सगळीकडे घालायचे, आणि कोलुमेला आणि प्लिनी हे रोमन लेखक दोघंही सांगतात की पाक शिशाच्या भांड्यात आटवा, तांब्याच्या नको. आंबट रस, उकळी आणि शिसं, यापेक्षा वाईट मेळ नाही. १९८० च्या दशकात याच पाकावरून 'रोमन उमराव शिशाने वेडे झाले' अशी थिअरी गाजली, इतिहासकारांनी तिच्यावर सडकून टीका केली, पण सोशल मीडियावर ती अजून जिवंत आहे. लक्षात घ्या, शिसं वापरत राहिलेला साम्राज्याचा पूर्व भाग पुढे हजार वर्षं टिकला.

हवेतल्या शिशाचा मुद्दा वेगळा, तो १६ मध्ये.

१२. शिसं विषारी आहे हे त्यांना माहीतच नव्हतं का?

माहीत होतं! इ.स.पू. दुसऱ्या शतकातला ग्रीक कवी निकांडर पांढऱ्या शिशाच्या विषबाधेची लक्षणं पद्यात लिहून गेलाय. रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियस तर स्पष्ट सांगतो की पाण्याला मातीचे पाइप बरे, शिसेकाम करणाऱ्यांचे चेहरे बघा, फिकट पडलेले असतात. तरी शिसं चालूच राहिलं, स्वस्त, टिकाऊ, वाकवायला सोपं. शिवाय आजारी पडायचे ते खाणीतले गुलाम आणि कारागीर, हुकूम देणारे नाहीत.

१३. शेंदूर, सफेता, मुरदाडशिंग हे सगळं शिसंच का?

हो, पारंपरिक प्रकार तिन्ही शिशाचे. मुरदाडशिंग म्हणजे चांदी काढताना मिळणारं पिवळसर ऑक्साइड (५ बघा). तेच हवेत आणखी भाजत राहिलं की केशरी-लाल होतं, तो शेंदूर, आपल्या मारुतीचा आणि गणपतीचा. सफेता म्हणजे पांढरं शिसं, थिओफ्रास्टस या ग्रीक विद्वानाने इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरीला कृती लिहून ठेवलीय, मडक्यात व्हिनेगर, त्यावर शिसं, काही दिवसांनी वर जमलेला पांढरा थर खरवडायचा. हा सफेता ग्रीक आणि रोमन बायका तोंडाला लावायच्या. प्लिनी सांगतो की लाल रंगाचा शोध पिरेअस बंदरातल्या आगीत लागला, सफेत्याच्या बरण्या जळाल्या आणि आत लाल पूड मिळाली. ऐकीव गोष्ट असेल, पण केमिस्ट्री बरोबर आहे. देवाला शेंदूर लावलात तर हात धुवा, तोंडात जाऊ देऊ नका, एवढंच.

१४. शिशाच्या पत्र्यावर शाप लिहायचे म्हणजे काय?

इंग्लंडमध्ये बाथ इथे गरम पाण्याचा झरा आहे, त्यात शिशाच्या नि कथीलमिश्रित पत्र्याच्या १३० च्या आसपास पट्ट्या मिळाल्यात. कुणाचा झगा चोरला, कुणाचे पैसे, आणि देवी सुलिस मिनर्व्हाला विनंती की चोराची झोप उडव. ग्रीसमध्ये हा प्रकार त्याच्याही शेकडो वर्षं आधीचा. शिसं का, तर स्वस्त, टोकदार सळीने लिहिता येतं, घडी घालून खिळा मारता येतो. अथर्ववेदाचं शिसं (८) आठवलं ना?

गोफणीच्या शिशाच्या गोळ्यांवरही लिहायचे, ग्रीक गोळ्यांवर 'हे घे' असला टोमणा मिळतो. इ.स.पू. ४१-४० च्या पेरुजियाच्या वेढ्यातल्या रोमन गोळ्यांवरचा मजकूर इतका अश्लील आहे की इथे देता येणार नाही.

१५. सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतलं होतं, ही कल्पना नवीन होती का?

सिंधुदुर्गाचं काम १६६४ चं, पायाचे दगड शिशाने बसवले अशी परंपरेने सांगितलेली गोष्ट आहे. तंत्र मात्र फार जुनं, अथेन्सच्या पार्थेनॉनमध्ये (इ.स.पू. ४४७ पासूनचं काम) दगड लोखंडी अटकीने जोडून वरून शिसं ओतलंय. शिशामुळे लोखंडाला पाणी-हवा लागत नाही, गंजत नाही, आणि हादऱ्यात सांधा थोडा सरकतो पण तुटत नाही. गेल्या शतकात तिथे दुरुस्ती करताना शिसं न ओतता लोखंड घातलं ते गंजून फुगलं आणि संगमरवर तडकला.

१६. इतक्या जुन्या प्रदूषणाचा पुरावा कसा काय मिळतो?

ग्रीनलँडच्या बर्फात. दरवर्षीचा बर्फ थरावर थर बसतो आणि युरोपातल्या भट्ट्यांचा धूर वाऱ्याने तिथे पोचायचा. १९९४ मध्ये दाखवलं गेलं की इ.स.पू. ५०० ते इ.स. ३०० या काळात बर्फातलं शिसं नैसर्गिक पातळीच्या चौपट होतं. २०१८ च्या बारीक मोजणीत तर युद्ध आणि साथी ओळखू येतात, इ.स. १६५ नंतरच्या मोठ्या साथीत आलेख कोसळतो बहुधा स्पेनच्या खाणीत माणसं कमी पडली म्हणून. २०२५ मध्ये याच आकड्यांवरून हिशोब मांडला की हवेतल्या शिशाने रोमन साम्राज्यभर सरासरी बुद्ध्यांक अडीच-तीन अंकांनी खाली गेला असावा. हे मॉडेल आहे, रक्त तपासलेलं नाही, तेवढं ध्यानात ठेवून वाचा.

१७. शिसं कुठल्या खाणीचं हे कसं ओळखतात?

शिशाचे चार स्थिर समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे, अणूच्या वजनाने वेगळे प्रकार) आहेत, २०४, २०६, २०७, २०८. त्यातले तीन युरेनियम आणि थोरियमच्या क्षयातून वाढत जातात, त्यामुळे खाणीखाणीत प्रमाण बदलतं. अशालिमच्या वस्तूचा (१) माग असाच लागला. एक मोठी गोची आहे, जुनं शिसं वितळवून दुसऱ्यात मिसळलं असेल तर उत्तर दोन्हींच्या मधलंच येतं, कुठल्याच खाणीचं नाही.

१८. फिजिक्सवाल्यांना रोमन शिसं का लागतं?

ताज्या शिशात शिसे-२१० हा किरणोत्सारी प्रकार थोडा असतो, अर्धायुष्य साधारण २२ वर्षं. दोन हजार वर्षांत तो संपून जातो. त्यामुळे ज्या नाजूक प्रयोगांना जराही किरणोत्सार चालत नाही त्यांना कवच म्हणून जुनं शिसं सोन्यासारखं. सार्डिनियाजवळ इ.स.पू. पहिल्या शतकात बुडालेल्या जहाजातले शिशाचे ठोकळे इटलीत ग्रान सासो डोंगराखालच्या न्यूट्रिनो (अतिसूक्ष्म कण) प्रयोगात वितळवून वापरलेत, वरचे शिक्के कापून जपून ठेवले. पुरातत्त्ववाले यावर नाराज आहेत आणि मला त्यांचं पटतं, पण समुद्रातून ते वर काढायला फिजिक्सवाल्यांनीच पैसे दिले होते हेही खरं.

१९. कल्हईत आणि शिसपेन्सिलीत शिसं असतं का?

नाही आणि नाही. कल्हई कथिलाची (भेसळ असेल तर गोष्ट वेगळी, प्लिनीच्या काळीही कथिलात अर्धं शिसं मिसळून विकायचे). पेन्सिलीत ग्रॅफाइट, म्हणजे कार्बन.

२०. शेतात शिशाचं जुनं नाणं सापडलंय, वर पांढरी पूड आहे, कसं साफ करू?

करू नका. ती पूड शिशाचं कार्बोनेट आहे, विषारी, आणि घासलंत तर खालचा लेखही जाईल. चिंच, लिंबू, व्हिनेगर तर अजिबात नको, सफेता असाच बनतो (१३). लाकडी कपाटात किंवा प्लायच्या ड्रॉवरमध्येही ठेवू नका, लाकडातून आम्लाची वाफ सुटते आणि नाणं आतून खाऊन टाकते, साध्या प्लॅस्टिकच्या डबीत कोरडं ठेवा, हाताळलं की हात धुवा. आणि जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला लागतं, त्यामुळे मला फोटो पाठवायच्या आधी तिकडे अर्ज द्या, सापडल्याची जागा आणि तारीख लिहून.